मुकं पेडल

भुजंगमामा गाडीत बसण्याआधी वहाणा काढायचे. पायरीवर उभं राहून आधी उजवी, मग डावी. दोन्ही एकमेकींवर पालथ्या ठेवून सीटखाली सरकवायच्या, डाव्या पायाचा तळवा उजव्या पोटरीवर दोनदा घासायचा, आणि मग तो क्लचच्या पेडलवर अलगद ठेवायचा. लगेच दाबायचे नाहीत. थोडा वेळ तळवा नुसताच टेकवून बसायचे. आजाऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवून माझे वडील जसे खिडकीबाहेर कुठेतरी बघत बसतात, तसे.

नवख्याला वाटे, ड्रायव्हर देवभोळा आहे. अंबडच्या कचेरीतल्या एका कारकुनानं एकदा त्यांना तसं विचारलं, "काय हो, गाडी म्हणजे देव वाटतं तुमचा?"

"देव कशाचा, साहेब. लोखंड हाय," मामा म्हणाले. "पर कानात बोळे घालून कुनी कुनाचं आइकतं का? तसं जोडा घालून हिचं आइकू येत न्हाई."

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जालन्यात डॉक्टर. आठवड्यातले तीन दिवस ते गावोगाव फिरत. अंबड, तीर्थपुरी, कधी थेट कुंभार पिंपळगाव. कॅनव्हासच्या टपाची आमची काळी गाडी आणि ती चालवणारे भुजंगमामा हे दोन्ही माझ्या जन्माच्या आसपास घरात आले, त्यामुळे त्यांच्याशिवायचं घर मला ठाऊक नव्हतं. उंच, सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल आणि अंगात खाकी कोट. त्या कोटाचं मधलं बटण मी कधीच पाहिलं नाही. वैशाखातसुद्धा तो कोट निघायचा नाही. गाडीत बसलं की पायात मात्र काही नाही.

तसं पाहिलं तर मला घरही फारसं ठाऊक नव्हतं. आठव्या वर्षी मला सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. तिथून सतराव्या वर्षी परत आले तेव्हा माझी मराठी पेटीत घडी घालून ठेवलेल्या परकरासारखी झाली होती. होती माझीच, पण आखूड. एखादा शब्द आठवेपर्यंत समोरचा माणूस दुसरं काही बोलू लागायचा. मग मी गप्प राहू लागले. लोक म्हणत, डॉक्टरांची मुलगी शिष्ट आहे. आईला काळजी वाटे. अण्णांनी त्यावर उपाय काढला: औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायला मला बरोबर न्यायचं. पण गावात पोचलं की मी गाडीतून उतरायची नाही. चिठ्ठ्या गाडीतच लिहायची. भुजंगमामाही गाडीपाशीच थांबायचे. असे आम्ही दोघं, एकही धड बोलणारा नाही, लिंबाच्या सावलीत दुपारच्या दुपार बसून असायचो.

त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. पांढरं ऊन, लांब कुठेतरी घुमणारा होला, शेताच्या टोकाला पाण्यासारखी हलणारी हवा. तापलेल्या कॅनव्हासचा वास. मामा पायरीवर बसून तळवा चोळत असत आणि मी त्यांच्या तळव्याकडे बघत असे, कारण माणसाच्या तोंडाकडे बघायची मला सवय नव्हती.

"बेबीताई," अशाच एका दुपारी ते म्हणाले, "त्या मोज्यांत तुमच्या पायांला गुदमरल्यावानी होत न्हाई का?"

मी नुसतं हसले.

"काढा की मंग. हितं कोन बघून राह्यलंय?"

मी बूट काढले, मोजे काढले. इतकी वर्षं झाकलेले पाय, पांढरेफटक. मला लाज वाटली. त्यांनी बघितलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "बसा. पाय ठिवा. डोळे मिटा."

माझं गाडी शिकणं असं सुरू झालं, इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून. कित्येक दिवस मी एवढंच करत होते. पेडल दाबायचं आणि सोडायचं. मग एक दिवस त्यांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला, हाताचा ब्रेक ओढून धरला.

"आता सोडा. हळू. आधी रिकामं हाय, बराबर? मंग जरा जड. आजून सोडा. आजून... हितं! आलं का?"

काही आलं नाही. दहादा सोडलं, दहादा नाही. अकराव्यांदा तळव्याखाली काहीतरी थरथरलं. ओंजळीत धरलेल्या फुलपाखरानं एकदाच पंख हलवावेत, एवढंच. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज जरासा खाली बसला.

"आलं," मी म्हणाले.

"ते म्हनून राह्यलंय, मी धरलं. आता तुमी सोडा." मामा खूश झाले. "दाबनं कुनालाबी येतं बेबीताई. सोडनं शिकावं लागतं."

हा पाय त्यांना ड्रायव्हरीनं दिलेला नव्हता. मामा कुंभार पिंपळगावच्या कुंभाराचे. लहानपणी त्यांच्याकडे चिखल तुडवायचं काम होतं. तलावातली माती, लीद, राख एकत्र करून भिजवायची आणि सकाळपासून ती पायानं मळायची. मातीत एखादा खडा राहिला तर भट्टीत मडकं फुटतं, आणि शेजारचीही घेऊन फुटतं. "डोळ्याला चिखल दिसतो, खडा दिसत न्हाई," ते सांगत. "खडा पायाला दिसतो. बापानं एक मडकं फुटलं की एक चापट ठिवलेली. सा म्हैन्यांत माझ्या पायाला डोळे फुटले."

पुढे एका रस्ते बांधणाऱ्या ठेकेदाराच्या लॉरीवर ते गेले आणि चाक फिरवण्याऐवजी चाकं पळवू लागले. पण पाय कुंभाराचाच राहिला. गाडीतलं कोणतंही दुखणं त्यांना आधी तळव्यात कळे. "मागच्या डाव्या चाकाचा खिळा सैल हाय," असं ते धावत्या गाडीत म्हणत, आणि उतरून पाहिलं तर असे.

त्या उन्हाळ्यात क्लच म्हातारा झाला. मामांना ते महिनाभर आधीच कळलं होतं. तो वर वर धरू लागला होता, म्हणजे पाय जवळजवळ पुरता उचलावा तेव्हा कुठे गाडी हलायची. मग एक दिवस अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीखालच्या चढावर इंजिन नुसतंच ओरडत राहिलं आणि गाडी जागच्या जागी. जळकट वास आला. लढाईचे दिवस होते, पेट्रोलही चिठ्ठीवर मिळायचं, तर क्लचची प्लेट कुठून मिळणार? शेवटी हैदराबादहून कुणीतरी मिळवली. गोणपाटात गुंडाळून ती आगगाडीनं जालन्याला आली.

ती बसवली हमीद मिस्त्रींनी. स्टेशनजवळ त्यांचा कारखाना, म्हणजे एक पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली एक खड्डा. जाड भिंगांचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. मामांची आणि त्यांची जुनी दोस्ती. दर शुक्रवारी कारखाना बंद असला की दोघं छपराखाली बसून चहा प्यायचे, आणि आई म्हणायची, ते दोघं तासाभरात चार वाक्यं बोलत असतील तर शपथ. प्लेट बसवायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मामा खड्ड्याच्या काठावर बसून होते. मीही गाडीत विसरलेलं पुस्तक आणायचं निमित्त करून दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते.

"देखो भुजंगभाई," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "नया क्लच है, पैडल नया लगताइच. नीचे पकड़ता, जरा कड़क रहता. आठ रोज में पाँव को समझ जाता."

"मला सांगता का, मिस्त्री," मामा हसून म्हणाले.

त्यांनी वहाणा काढल्या, तळवा घासला, पेडलवर ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग सोडायला लागले आणि गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. माझ्या आठवणीत मामांच्या पायाखाली गाडी पहिल्यांदाच बंद पडली होती.

"वळख व्हायची हाय," ते म्हणाले.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. ओळख होईना. कधी गाडी उडी मारी, कधी इंजिन उगाच गुरगुरत राही आणि मग एकदम हिसका बसे. मागच्या सीटवर अण्णांच्या पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटत. "काय रे भुजंगा, बैलगाडी बरी की रे हिच्यापेक्षा!" अण्णा म्हणत. थांबलो की पायरीवर बसून मामा तळवा चोळत राहायचे.

"पेडल मुकं झालंय, बेबीताई," एकदा म्हणाले. "काई बोलतच न्हाई. दाबलं तरी गप, सोडलं तरी गप."

ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी पेडल आणि क्लच जोडणाऱ्या सळईचा आटा थोडा फिरवून दिला. फरक नाही. पुन्हा गेले. पुन्हा फिरवला. नवीन क्लचनंतर पेडल बदलतंच, हे दोघांनाही इतकं पक्कं ठाऊक होतं, की दोघंही पेडलकडेच बघत राहिले.

आणि मग माझ्याकडून ती गोष्ट झाली.

तीर्थपुरीचा बाजार होता. अण्णा गावात गेलेले, गाडी गावाबाहेर चिंचेखाली. मामा दाराशी उभे राहून म्हणाले, "बेबीताई, तुमचा पाय कवळा हाय. तुमी बघा बरं. मला एकट्यालाच असं होतंय, का खरंच मुकं हाय?"

मी बूट काढून बसले. गाडी चालू केली, तळवा टेकवला, डोळे मिटले आणि सोडत गेले. धरायची जागा खाली गेली होती, स्प्रिंग कडक होती. पण ते बोललं. जुन्यापेक्षा स्वच्छ बोललं. तळव्याखाली तोच पंख हलला.

मी डोळे उघडले. मामा दारावर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. आजाऱ्याच्या घरची माणसं अण्णांकडे बघतात, तसं. परक्या मुलींत नऊ वर्षं राहून मी एकच विद्या नीट शिकले होते: समोरच्याला जे ऐकायचं असेल ते म्हणायचं आणि आपण आत बसून राहायचं. मला वाटलं, जुन्या पेडलची सवय सुटत नाही आहे, सुटेल. एवढ्याशा शब्दानं त्यांना बरं वाटणार असेल तर काय बिघडलं?

"काहीच कळत नाही, मामा," मी म्हणाले. "मुकंच आहे."

"मंग!" त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मी म्हनत न्हवतो?"

त्याच संध्याकाळी गाडी कारखान्यासमोर उभी करून ते आत गेले. मी गाडीत होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, तुमी कायतरी उलटंपालटं बसीवलंय."

"तीस बरस से बिठा रहा हूँ, भुजंगभाई."

"मला एकट्याला न्हाई, बेबीताईला बी तसंच लागतंय. तिला पुसा, ती गाडीत हाय. ती कामून खोटं बोलंल?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्यांनी हातातला पाना फळीवर ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. "ले जाओ गाड़ी," ते म्हणाले. "जालने में दूसरे मिस्त्री हैं."

पुढच्या शुक्रवारी मामा चहाला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या अंगणात गाडी पुसत बसायचे, आधीच पुसलेली. मी खिडकीतून बघायची. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मी इंग्रजीत जुळवलं, मराठीत जुळवलं, पण जिना उतरले नाही. असे चार महिने गेले.

भाद्रपदात तीर्थपुरीहून एका बाळंतिणीला जालन्याला आणायचं होतं. दोन दिवस अडलेली, अण्णा म्हणाले इथे काही करता येणार नाही. मागच्या सीटवर तिला निजवलं. तिची आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, अण्णा पायांकडे खाली फळीवर. मी पुढे मामांच्या डावीकडे. दुपार ढगाळ होती, सगळ्या रानावर एक करडा उजेड पसरलेला. ज्वाऱ्या छातीला लागल्या होत्या आणि त्यांच्यामधून गाडी तरंगत चालल्यासारखी वाटत होती. पण दर गिअरला हिसका बसे, आणि प्रत्येक हिसक्याला मागून ती बाई कण्हायची. मामांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

अंबड मागे टाकून आम्ही दुधनेवर आलो. पूल नव्हता, पाण्यातून ओलांडायचा उतार होता. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, आणि पलीकडे ओल्या मातीचा उभा चढ. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू होणार नाही, हे मलाही कळत होतं. मामांनी काठावर गाडी थांबवली. सवयीनं डावा तळवा उजव्या पोटरीवर घासला. खाकी विजारीवर लाल रेघ उमटली.

मी खाली पाहिलं. पायाखालच्या फळीवर ठिपके होते, काही ओले, काही वाळलेले.

"मामा," मी म्हणाले, "काटा."

"कुटं?"

"तुमच्या पायात."

त्यांनी पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्याच्या मधोमध बाभळीचा काटा मोडून बसला होता, बोटाच्या पेराएवढा. भोवतीचं मांस काळं-निळं. हा आजचा नव्हता. मामांनी अंगठ्यानं तो दाबला. आणखी दाबला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. नदीचा आवाज येत होता. पायाच्या त्या डोळ्यांना खडाच काय, काटाही दिसत नव्हता, आणि किती दिवसांपासून ते कुणाला माहीत.

"भुजंगा, थांबलास का? जल्दी कर," मागून अण्णा म्हणाले.

मामा पाण्याकडे बघत होते. अगदी हळू, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "बेबीताई, त्या दिशी पेडल बोल्लं व्हतं ना?"

मी मान डोलावली.

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत. डावा पाय त्यांनी मांडीवरून उतरवला आणि सीटखाली, वहाणांशेजारी ठेवून दिला. "मंग आज तुमचा पाय द्या," ते म्हणाले.

मी बूट काढले. सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत जवळ गेले आणि गिअरच्या दांड्यावरून उजवा पाय पलीकडे टाकला. तळवा पेडलवर टेकवला.

"दाबा." त्यांनी गिअर टाकला. "सोडा. हळू. तुमी मला सांगत ऱ्हावा. आलं का?"

"आलं."

"तितंच धरा. म्या पेट्रोल देतो."

गाडी पाण्यात उतरली. फळ्यांच्या फटींतून पाणी आत आलं, माझ्या घोट्यावर चढलं, थंड. दोन्ही बाजूंनी करडं पाणी संथ सरकत होतं आणि आपण पुढे चाललो आहोत की नदी मागे, हे कळत नव्हतं. मी पुढे बघतच नव्हते. माझे डोळे मिटलेले होते. "धरलं," मी म्हणत होते, "सुटतंय मामा, सुटतंय... धरलं." इतकं सलग मी त्या वर्षात कुणाशी बोलले नव्हते. मामांचे हात चाकावर, त्यांचा उजवा पाय पेट्रोलवर, माझा पाय क्लचवर, आणि आमच्या मधे शब्दांची एक बारीक सळई. पुढची चाकं वर उचलल्यासारखी वाटली. चढ आला. "आता पुरं सोडू नका, अर्धं, अर्धं... शाब्बास!" इंजिन खोल घुमलं, गाडी मुंगीसारखी चढली, आणि डोळे उघडले तर समोर कोरडा रस्ता होता.

तसेच आम्ही जालन्यापर्यंत आलो. एक हिसका बसला नाही.

बाईला मुलगी झाली, दोघी वाचल्या. अण्णा हात धुऊन बाहेर आले आणि पायरीवर बसलेल्या मामांना म्हणाले, "पाय दाखव." मागे बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

काटा काढला. मामांना डोळे मिटायला लावून अण्णांनी सुई टोचली. "कळतंय?" मामांनी विचारलं, "काय?" दोन्ही तळव्यांना तसंच, डाव्याला अधिक. मग काचेच्या नळीत निळं औषध घालून त्यात लघवी तापवली. औषध हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी विटेसारखं लाल. मामा ते दिव्याशेजारून बघत होते. "पक्कं भाजलंय की, साहेब," ते म्हणाले. हसलं कुणी नाही. साखरेचा आजार होता, बऱ्याच दिवसांचा.

"दोन-चार महिने आधी कळायला हवं होतं रे," अण्णा म्हणाले. ते मामांना म्हणाले. ऐकलं मी. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. गाडी चालवणं गेलं. अण्णांनी त्यांना जाड कातडी जोडे शिवून दिले आणि सांगितलं, झोपेखेरीज हे काढायचे नाहीत. दिवाळीआधी मामा कुंभार पिंपळगावला भावाकडे निघाले. आईला नमस्कार केला. गाडीच्या पुढच्या दिव्यावर एकदा हात फिरवला. माझ्याशी एवढंच बोलले, "जोडा घालून चालवू नका."

कारण आता गाडी मी चालवत होते. लढाईमुळे दुसरा ड्रायव्हर मिळेना आणि अण्णांना चालवता येत नव्हती. आई आठ दिवस अबोल होती, बाजारातली माणसं उभी राहून बघायची. मला बघणाऱ्यांचं फारसं काही वाटत नव्हतं. मी पायाकडे लक्ष देऊन असायची.

माघात कुंभार पिंपळगावला एका आजाऱ्याकडे जायचं होतं. अण्णांना सोडून मी गाडी कुंभारवाड्याकडे घेतली. मामा अंगणात माती मळत होते, हातांनी. पायात ते जाड जोडे. आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं, पण मला काही म्हणायच्या आधी गाडीला म्हणाले, "आलीस का?"

हात धुऊन काठी टेकत आले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि जमिनीवर गुडघे टेकले. "चालू करा. गिअर टाका, ब्रेक धरून ठिवा. किलच म्या दाबून धरतो, मंग तुमचा पाय काढा."

त्यांनी दोन्ही तळहात पेडलवर ठेवले. अंगाचा भार देऊन दाबलं, मी पाय काढला, आणि ते डोळे मिटून सोडायला लागले. बोटांच्या पेरांत माती होती. किती हळू सोडत होते. मला वाटलं दुपार संपेल. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, इंजिनाचा आवाज जरासा बसला, आणि हात तिथेच थांबले.

"आलं," ते म्हणाले. "बोलतंय की वो. लोन्यावानी बसीवलंय मिस्त्रीनं."

"मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ठावं हाय." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुमी माझ्या तोंडाकडं बघून बोल्लात. पायाकडं बघून बोलायचं व्हतं."

"माझ्यामुळे तुमचा पाय..."

"चार म्हैने काटं टोचून राह्यले, मला कळलं का? माझा पाय, मलाच कळंना. तुमच्या एकलीवर कामून घालू?" मग हातांनी पेडल पुरतं दाबून धरत म्हणाले, "गिअर काढा. पर मिस्त्रीचं राह्यलंय. तुमचं बोलनं त्याला लागलं. तुमच्याच तोंडून निघाय पायजे ते."

परतीच्या वाटेवर मी स्टेशनजवळ गाडी थांबवली. "काय झालं? बिघडली?" अण्णांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले आणि उतरले.

मिस्त्री एका लॉरीखाली होते. बाहेर त्यांचे पायच तेवढे दिसत होते, घोट्यापर्यंत काळे. मला बरं वाटलं. पायांशी मला बोलता येतं.

"मिस्त्रीसाहब," मी म्हणाले. माझं उर्दू माझ्या मराठीहून वाईट. "भुजंगमामा ने कहा है, पैडल बोलता है. पहले दिन से बोलता था. मैंने झूठ कहा था."

लॉरीखालची ठोकाठोक थांबली. पाय हलले नाहीत.

"पाँव से देखा उन्होंने?" आतून आवाज आला.

"नहीं. हाथ से."

पाठीमागे रुळांवर कुठलंसं इंजिन वाफ सोडत होतं. मी तिथे उभी होते, आणि खालची माती गार आणि तेलकट लागत होती, म्हणजे बूट गाडीतच राहिले होते.

"उनको बोलो," लॉरीखालून मिस्त्री म्हणाले, "अबके जुम्मे को चाय पिंपळगाव में पियेंगे. तुम आओगी न, गाड़ी लेके?"

"आऊँगी," मी म्हणाले.

ठोकाठोक पुन्हा सुरू झाली. मी गाडीत येऊन बसले. डावा तळवा उजव्या पोटरीवर घासला, पेडलवर ठेवला. अण्णा घड्याळ बघत होते. मी लगेच दाबलं नाही.